अपयशाचा अहवालही लोकांपुढे यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा नीट चालला नाही आणि ईओएस-०९ हा उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. कारणे शोधण्यासाठी समिती नेमली गेली, परंतु तिचा अहवाल आपल्यासारख्या वाचकांपर्यंत आलेला नाही. इस्रोला दोष देण्यासाठी मी हे पत्र लिहीत नसून, आपल्या प्रक्षेपकांचे घराणे ज्या रीतीने वाढले ती रीत सुटू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

१० ऑगस्ट १९७९ रोजी आपल्या पहिल्या उपग्रह-प्रक्षेपकाचा, एसएलव्ही-३चा, पहिलाच अग्निबाण समुद्रात कोसळला तो दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील आम्लाच्या गळतीमुळे. ही चूक शोधून, मान्य करून, अवघ्या अकरा महिन्यांत १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या सतरा टनी वाहनाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढे त्याचाच वाढीव अवतार असलेला एएसएलव्ही १९८७ आणि १९८८ असा लागोपाठ दोनदा पडला; पहिल्या खेपेस बाजूचे जोड-अग्निबाण जळून संपल्यावर मधल्या टप्प्याने पेटच घेतला नाही. आज या बिचाऱ्या एएसएलव्हीचे नावही कोणी काढत नाही. मात्र जोड-अग्निबाण आणि उड्डाणातच मार्ग दुरुस्त करणारी संगणकीय यंत्रणा त्याच्यावरच पारखली गेली आणि पीएसएलव्हीच्या कामी आली. त्या पीएसएलव्हीचेही पहिले उड्डाण १९९३ मध्ये फसलेच होते. २०१७ मध्ये त्याने एका खेपेत १०४ उपग्रह नेले.

क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या, इंजिनाची कथा याहून खडतर आहे. अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने तंत्रज्ञान देणे नाकारले व केवळ तयार इंजिने दिली. उणे २५३ अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन हाताळणारे स्वदेशी इंजिन एप्रिल २०१० मध्ये उड्डाणात अपयशी ठरले, तेव्हा इंधनाचा पंप बंद पडल्याचे इस्रोने स्वतःच जाहीर केले होते. ५ जानेवारी २०१४ रोजी ते यशस्वी झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये लहान उपग्रहांसाठीचा एसएसएलव्ही हा प्रक्षेपक फसला, तेव्हाही दुसरा टप्पा सुटतानाच्या हादऱ्यांनी संवेदक कसे गोंधळले हे सविस्तर सांगितले गेले आणि पुढचे उड्डाण सहा महिन्यांत यशस्वी झाले.

अग्निबाणाचे तंत्रज्ञान संवेदनशील असते, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु आराखडे कोणी मागत नाही. काय बिघडले, का बिघडले आणि काय बदलले, एवढे चार पानांत सांगता येते. पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी ज्या घन इंधनाचा पाया घातला, त्या इंधनाच्या मोटारींची कवचे वालचंदनगरला आणि द्रव इंधनाची विकास इंजिने विक्रोळीला घडत आली आहेत. शिवाय एसएसएलव्हीचे तंत्रज्ञान आता हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे सोपवले जात आहे, म्हणजे यापुढे अग्निबाण बांधणारे हात एका संस्थेचे राहणार नाहीत. तिसऱ्या टप्प्यात नेमके काय झाले, हे त्या हातांना वर्तमानपत्रांतील तर्कांवरून का कळावे? सी६१च्या अहवालाचा निदान सारांश इस्रोने आपल्या संकेतस्थळावर ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, पुणे