आधी दांडा बघ

पुणे,
२६ नोव्हेंबर २०२३

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. डिसेंबरात शाळेची पंधरा मुलं घेऊन राजमाचीला दोन रात्री राहायचा बेत वाचून फार आनंद झाला. कुऱ्हाड, फावडं, करवत कुठली घेऊ, असं विचारलंस आणि सोबत त्या ‘हेवी ड्युटी’ संचाचा फोटो पाठवलास. एकाच दांड्याला कधी कुऱ्हाड लाव, कधी फावडं, आणि करवत दांड्याच्या पोटात. श्रीकांत, तो घेऊ नकोस. दांड्यात जितके जोड तितक्या कच्च्या जागा. घाव घातला की सगळा दणका त्या एका पिनेवर किंवा स्क्रूच्या आट्यांवर येतो. पहिल्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी दांडा खुळखुळायला लागतो.

मी हे इतकं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. बारा वर्षांपूर्वी मे महिन्यात मामाच्या गावी आम्ही वाळलेलं आंब्याचं खोड फोडत होतो. कुऱ्हाड चांगली होती, धार तर केस कापेल अशी. पाचव्या-सहाव्या घावाला हातात नुसता दांडा राहिला. पातं माझ्या धाकट्या भावाच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि मागच्या फणसाच्या बुंध्यावर आदळलं. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. मामाने दांडा उचलून बघितला आणि एवढंच विचारलं, “हा कधी बसवलात?” श्रावणात बसवला होता. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसलेला दांडा उन्हाळ्यात सुकून आक्रसतो आणि पात्याच्या भोकात सैल होतो. कितीतरी लोक अशी सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सकाळी ती घट्ट लागते, पण लाकडाचे तंतू भोकात चेपले जातात आणि पुन्हा सुकलं की आधीपेक्षा जास्त सैल होते. तेव्हापासून कुऱ्हाड हातात आली की मी आधी दांडा बघतो, पातं नंतर.

तूही तसंच कर. दांडा रंगवलेला असेल तर सरळ परत ठेव, रंगाखाली गाठी लपतात. डोळ्यासमोर धरून त्याच्या सरळ रेषेत बघ. लाकडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत दांड्याबरोबर धावल्या पाहिजेत. मधेच तिरक्या बाहेर पडत असतील तर तो तिथेच मोडणार. आपल्याकडे दांड्याला धामणीसारखं लाकूड नाही. ते चिवट असतं, लवतं आणि हाताला झिणझिण्या येऊ देत नाही. धामण न मिळाल्यास बाभूळ घे. पाचर नीट ठोकलेली आहे ना, भोकाच्या कडेने फट दिसत नाही ना, ते बघ. घरी आणल्यावर दांड्याला जवसाचं तेल चोळ, दोन-तीन दिवस रोज.

पात्यासाठी मी तुला बोहरी आळीतल्या अवजारांच्या दुकानांपेक्षा लोहाराकडे जा असं सांगेन. आमच्याकडचा लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद वापरतो. मागच्या महिन्यात त्याच्या भट्टीपाशी तासभर बसलो होतो. पातं लाल करून घडवलं, नुसती धारेची बाजू पाण्यात बुडवली आणि लगेच दगडावर घासून लख्ख केली. मग तो गप्प बसून बघत राहिला. मागच्या जाडीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि लोखंडावर रंग चढत जातो. आधी गव्हाळ, मग तांबूस, मग जांभळट. जांभळी छटा धारेला टेकली न टेकली तोच त्याने सबंध पातं पाण्यात घातलं. थोडं आधी घातलं असतं तर धारेचे टवके उडाले असते, उशीर झाला असता तर धार मुडपली असती. दुकानातलं पातं पारखायचं तर खिशात एक कानस ठेव. धारेवर ती नुसती घसरली तर पोलाद ठिसूळ आहे आणि लोण्यासारखी शिरली तर मऊ. जेमतेम धरली पाहिजे.

वजनाचं म्हणशील तर पातं सहाशे-सातशे ग्रॅमचं पुरे. पण हातभर दांड्याची कुऱ्हाड मुलांसाठी ‘छोटी म्हणून सुरक्षित’ समजू नकोस, ती उलट जास्त घातकी. लांब दांड्याचा घाव चुकला तर बहुतेक वेळा जमिनीत जातो, आखूड दांड्याचा थेट नडगीवर येतो. आखूड कुऱ्हाड गुडघे टेकून आणि खाली ओंडका ठेवूनच चालवायची. आणि ती फक्त तू किंवा तुझ्यासोबतचे शिक्षक चालवणार, मुलं नाहीत.

मुलांच्या हाती दे ती करवत. मनगटाएवढी फांदी कापायला करवतीइतकं कमी श्रमाचं काही नाही. घडीची चालेल, इथे घडीला माझी हरकत नाही, कारण करवतीवर दणका बसत नाही. मात्र उघडल्यावर खटका पक्का लागतो ना, ते चारदा उघडून-मिटून बघ. ओढताना कापणारी घे. तिचं पातं पातळ असलं तरी वाकत नाही, कारण ते ताणात राहतं. वीस-एक सेंटिमीटरचं पातं पुरे. दात एक डावीकडे, एक उजवीकडे किंचित वळलेले असावेत, नाहीतर ती लाकडात अडकून बसते. दातांची टोकं निळसर दिसली तर ती खास कडक केलेली असतात. ती फार टिकतात, पण बोथट झाल्यावर सुताराकडे कानशीने धार निघत नाही, पातंच बदलावं लागतं. तेव्हा सुटं पातं मिळतं का, ते विचारून घे.

फावड्याचं काम तुला थोडंच आहे. पण सह्याद्रीत माती वीतभर आणि खाली मुरूम नाहीतर काळा पाषाण. तिथे बेलचा, म्हणजे पुढे खुपसायचं सरळ फावडं, मारलास तर तो टणकन उडतो. एक लहान कुदळ ने, तिने आधी भुसभुशीत कर आणि मग फावड्याने ओढ. शौचासाठी वीतभर खोल खड्डा पुरतो. पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, आणि नंतर मातीने बुजवायचा. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांवर, श्रीवर्धन किंवा मनरंजनवर, मात्र कुदळ लावू नकोस. ती संरक्षित स्मारकं आहेत, मुलांनाही हे तिथे उभं राहून सांग.

लाकडाचंही आधीच ठरव. रानात शिरून तोडायचं नाही, वाळलेलं म्हणूनसुद्धा नाही. किल्ल्याखालच्या उधेवाडी गावात कुणाच्या तरी अंगणात तंबू लावायला मिळेल, सरपण त्यांच्याकडूनच पैसे देऊन घे. आणि पुढच्या वर्षी हरिश्चंद्रगडाला जायचं म्हणतोस, तिथे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे कुऱ्हाड न्यायचीच नाही, स्टोव्ह न्यायचा.

प्रवासात पात्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचं किंवा जाड चामड्याचं आवरण कर आणि सगळं गोणपाटात बांधून गाडीच्या तळाशी ठेव. दर सकाळी कामाआधी पातं धरून दांडा हिसडून बघायचा, हे काम एखाद्या मुलाकडे सोपव. तुझ्याकडची थोरली दीपा हे नक्की मनावर घेईल.

मामाचा मुलगा पुढच्या रविवारी नाशिकला येतोय. त्याच्याबरोबर त्या लोहाराने केलेली एक कुऱ्हाड पाठवतो. दांडा धामणीचा आहे, मी स्वतः दिवाळीनंतर बसवलाय आणि तीनदा तेल पाजलंय. पोचली की एका ओळीने तरी कळव.

वहिनींना नमस्कार, दीपाला आणि धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
अनंत