रायफलचं बेडिंग आणि खानदेशी उन्हाळा

मा. संपादक,

फायबरचा दस्ता पावसात फुगत नाही, मग बेडिंग (ॲक्शन, म्हणजे गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा, दस्त्यात पक्की बसावी म्हणून मधली फट इपॉक्सीने भरणं) कशाला, असं आपल्याकडचे काही नेमबाज म्हणतात. हे चूक आहे. ॲक्शन दस्त्यात नीट टेकलेली नसेल तर स्क्रू आवळताच ती वाकते आणि नेम विखुरतो. पुढचा स्क्रू सैल करताना नळी व दस्त्याच्या फटीवर बोट ठेवा. हालचाल जाणवली तर बेडिंग हवंच. ते परवानाधारक कारागिराकडूनच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो.

खरी अडचण मे महिन्यात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रसायन) वाटीतच घट्ट होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. म्हणून हार्डनर कमी टाकणं हा तर शुद्ध अडाणीपणा, मिश्रण कायम मऊच राहतं. काम पहाटे उरकावं. दस्ता आतून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडावा. रिकॉइल लगच्या (गोळी झाडल्याचा धक्का दस्त्यावर टेकवणारा, ॲक्शनखालचा खुंट) पुढे, खाली व बाजूंना टेपचा एक थर द्यावा, मागची बाजू उघडीच ठेवावी. इपॉक्सी चिकटू नये म्हणून ॲक्शनला लावायचं मेण स्क्रूच्या आट्यांतही भरावं, नाहीतर ॲक्शन दस्त्यातून सुटत नाही. स्क्रू नुसते टेकवून चोवीस तास हात लावू नये.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, भुसावळ