व्हिसासाठी जिल्ह्यातच मदत मिळावी

संपादक साहेब,
नमस्कार. मी आर्वी तालुक्यातली, नवरा जर्मन, तो तिकडे अन मी इथे. विशेष विवाह कायदा 1954 खाली 30 दिवसांची नोटीस लावून रजिस्टर लग्न केलं, वाटलं आता सोबत राहू, पण खरी धावपळ तिथूनच सुरू झाली. कायमचं जायचं तर आधी जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा लागते, अन ती द्यायला पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरात जावं लागते. तोवर भेटून तरी येऊ म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा) टाकला, तो 180 दिवसांत 90 दिवसांचाच असते, पण तोही नाकारला, कारण काय तर मी परत येईन याची खात्री पटली नाही. बाबांच्या नावचा सातबारा भाषांतर करून जोडला होता, विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला बोटांचे ठसे देऊन आली, एवढा खर्च झाला, तो काही वापस मिळत नाही. घरी आली तेव्हा आई कापूस वेचून नुकतीच आली होती, तिनं माझ्या हातातली फाईल घेतली अन काही न विचारता कपाटात ठेवली.
नवऱ्याला इथलं ओसीआय कार्ड (परदेशी माणसाला भारतात हवे तेवढे दिवस राहू देणारं कार्ड) काढायचं तर लग्नाला 2 वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तेवढे दिवस आम्ही फोनवरच संसार करायचा का?
जिल्हाधिकारी ऑफिसात आठवड्यातून एक दिवस तरी कागद तपासून देणारा जाणकार माणूस बसवावा, एवढीच कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा