रेडिएटर बदलायला धावून आलेल्यांचे आभार

बॉनेटमधून वाफ येताना पाहून जे दोघे थांबले, त्यांची नावं विचारायची राहूनच गेली. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला होता. एकाने मनगट धरून मागे ओढलं. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी; गरम असताना त्यातलं पाणी दाबाखाली असतं, १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. त्या क्षणासाठी मी तुमचा जन्माचा ऋणी आहे.

नंतर ज्यांनी माझ्या जुन्या पिकअपचा रेडिएटर उतरवला, त्यांचेही मनापासून आभार. प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे जुळते, नेमकी तिथेच चीर होती. नवा बसवताना होज (रबरी नळ्या), त्यांचे क्लॅम्प, थर्मोस्टॅट (पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) आणि झाकणही बदलायचं, हा आग्रह तुमचाच. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि त्या ताई! इंजिन चालू, हीटर पूर्ण गरमवर, आणि कूलंटमधून येणारे हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत त्या शेजारी उभ्या होत्या. हवा अडकून राहिली तर नवा रेडिएटर असूनही इंजिन तापतं, हे तेव्हा कळलं.

तापमानाचा काटा आता मधोमध स्थिर असतो. इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघतो, तेव्हा तुम्ही सगळे आठवता.