माळ्यावरची पेटी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तिकडे मावशीकडे फोन आला की आई स्पीकर लावते. मग मावशी ऐकते, काका ऐकतात, आणि बोलणं 'जेवलीस का' वर येऊन संपतं. म्हणून कागद घेतला. मावशीला म्हणावं, हे पत्र तिच्यासाठी नाही.

गच्चीचं काम झालं. मिस्त्री म्हणतो, आता दहा वर्षं बघायला नको. तुम्ही माळ्यावरच्या सामानाला हात लावू नकोस म्हणाला होतात, पण ओल तिथपर्यंत उतरली होती, सगळं खाली काढावंच लागलं. दादाची पॅडं, आजीचा पाटा, फुटका स्टोव्ह (तो मी भंगारात दिला, आई, आता रागावून उपयोग नाही). आणि बाबांची हिरवी पेटी. कुलूप गंजून आपोआप निघालं, शपथ.

मला वाटलं प्रेसमधले कागद असतील, युनियनची पत्रकं वगैरे. निघाले वर्तमानपत्रांचे अंक. सुतळीत बांधलेले, मध्ये डांबराच्या गोळ्या. कुसुमाग्रज, आपले तात्यासाहेब, गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, 11 मार्च 1999 चा. पुलंचा. भीमसेनजींचा. दाभोलकरांचा. शिलाँगला व्याख्यान देता देता गेलेल्या कलामांचा. डॉ. लागूंचा. लताबाईंचा. सगळ्यात वर नारळीकरांचा, मे 2025 मधला. आणि त्याखालच्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरात फक्त एक आकडा. 87. 80. 88. 67. 83. 92. पुन्हा 92.

आधी काही कळेना. मग लक्षात आलं, वयं आहेत.

बाबा, मला आठवतंय, तात्यासाहेब गेले त्या दिवशी तुम्ही प्रेसमधून आलात आणि चहा न घेता तसेच टिळकवाडीकडे निघालात. मी विचारलं होतं, आपले कोण लागत होते? तुम्ही म्हणालात, 'गावातलं मोठं झाड पडलं की बघायला जातात की नाही?' मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला कवितेची आवड. ती आहेच. पण हे आकडे बघितल्यावर वाटलं, तुम्ही मोठ्या माणसांच्या जाण्यात स्वतःचा हिशेबही करत होतात. 67 च्या खाली दोन रेघा आहेत. तेव्हा तुम्ही 65 चे होतात.

त्यातच 2003 च्या सिंहस्थातला अंक आहे, सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीचा. 39 माणसं गेली. त्यात पुतळा उभारावा असं कोणी नव्हतं, रामकुंडाकडे निघालेले साधे भाविक. त्या अंकावर आकडा नाही, कारण एक वय लिहिता येत नाही. पण तो तुम्ही तात्यासाहेबांच्या अंकाला लागून ठेवलाय, आणि ते मला फार आवडलं.

नारळीकरांच्या अंकावरही आकडा नाही. बाबा, का? ते 86 चे होते, तुम्हाला ठाऊक आहे.

मला वाटतं मला कारण माहीत आहे. मी शाळेत असताना आईनं ज्यांना तुमची पत्रिका दाखवली होती त्यांनी तुमचं आयुष्य 78 सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा हसला होतात. त्या गृहस्थांना तुम्ही विचारलं होतं, निवृत्तीनंतर पेन्शन किती वर्षं मिळेल ते तरी बरोबर सांगा. आता तुम्हाला 77 वं चालू आहे आणि तुम्ही हसत नाही. आईला गॅसचं बुकिंग शिकवलंत. लॉकरवर माझं नाव घातलंत. परवा गोदाघाटावर कामं चालली होती ती बघून म्हणालात, 'येत्या सिंहस्थाची तयारी जोरात आहे, आपण असू नसू.' सहज म्हणालात, पण मला रात्री झोप लागली नाही.

तर ज्यांच्या अंकावर तुम्ही आकडा घातला नाहीत, त्या नारळीकरांनीच 2008 साली काय केलं होतं ते आठवा. तुम्हीच मला जेवताना सांगितलं होतं. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन त्यांनी 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, 100 हुशार मुलांच्या, 100 मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना सांगितलं, कोणती कुठली ते ओळखा. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली, आणि बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती, हे तुमचंच वाक्य. ज्या विद्येला जिवंत मुलाची बुद्धी ओळखता येत नाही, तिला माझ्या बाबांचं 78 कसं कळलं? आई, तुझ्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण तो आकडा घरातून बाहेर काढ. तुळशीला पाणी घालताना तू तो मनात मोजतेस, मला दिसतं.

आता खरं सांगायचं ते. पेटीच्या तळाशी एक फॉर्म होता. देहदानाचा. तारीख 2015 ची, बाबांची सही आहे, एका साक्षीदाराची आहे. 'जवळचे नातेवाईक' ही ओळ कोरी आहे. दहा वर्षं कोरी.

आणि आई, तुझ्या कपाटात खालच्या खणात हिरवी साडी आहे, घडी न मोडलेली, बरोबर गंगाजलाची कुपी आणि हळदीकुंकवाची पुडी. ती कशासाठी आहे ते तू मला आजीच्या वेळी सांगितलं होतंस. तू आधी जायचं ठरवलं आहेस, सवाष्ण. तुम्ही दोघं पंचवटीतल्या याच दोन खोल्यांत पन्नास वर्षं राहिलात, दोघांनी आपापली तयारी करून ठेवलीत, आणि एकमेकांशी त्यावर मोकळं बोलला नाहीत!

आई, तू सही का केली नसशील ते मला कळतं. अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहावं नाही, मग गती कशी? तू काळारामाच्या दाराशी वाढलेल्या सासूची सून. लताबाईंच्या अस्थी रामकुंडावर आणल्या, त्या दिवशी तू मला फोनवर म्हणालीस, 'शेवटी आपल्याच गंगेत आली.' आवाज असा, जणू माहेरवाशीण आली होती. गांधीजींच्या अस्थीही इथेच आल्या. तेव्हा तुझ्या नवऱ्यानं इथे विसावायचं नाही म्हणावं, हे तुला लागलं असणार.

पण तुझं माहेर येवल्याचं. 13 ऑक्टोबर 1935 ला तिथेच बाबासाहेब म्हणाले होते की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्याआधी पाच वर्षं याच काळारामाच्या दारात त्यांच्या लोकांनी सत्याग्रह केला होता, दार उघडलं नव्हतं. बोलल्यानंतर 21 वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला त्यांनी दीक्षा घेतली आणि 6 डिसेंबरला गेले. मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत. आपण कसं मरायचं हे माणसाला ठरवता आलं पाहिजे, एवढंच मी त्यातून घेते. बाबांची गोष्ट इतकी मोठी नाही, पण हक्क तोच आहे.

म्हणून त्या कोऱ्या ओळीवर मी सही करणार आहे. नुसता फॉर्म भरून भागत नाही, वेळ आली की घरचे नाही म्हणाले तर मेडिकल कॉलेज देह घेत नाही. म्हणजे आई, शेवटचा शब्द तुझाच. तो मला आत्ता हवा आहे, तेव्हा नको. तेव्हा तू रडत असशील, दादा टोरांटोच्या विमानतळावर अडकलेला असेल, आणि डोळे द्यायचे तर हातात सहा तास असतात. अतिदक्षता विभागात नळ्या किती घालायच्या, कधी थांबायचं, तेही कागदावर हवं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 ला परवानगी दिली, 2023 ला पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. मी चौकशी करून ठेवली आहे.

आणि आई, तुझं सगळं तुझ्या मनासारखं. हिरवी साडी, तुळशीपत्र, रामकुंड, दहावं, तेरावं. माझा विश्वास नाही, तरी एकही गोष्ट चुकणार नाही. फक्त अग्नी मी देईन. दादाची वाट बघत तुला ठेवणार नाही. दाभोलकर गेले तेव्हा मुलगा असताना मुलीनं, मुक्तानं अग्नी दिला. तो अंक पेटीत आहे, तू बघून घे. लोक काय म्हणतील ते आपल्या आळीत मला माहीत आहे, त्यांचं बोलणं गोदेच्या पुरासारखं दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत चढतं आणि दोन दिवसांत ओसरतं.

आठ दिवस तुझ्या देवांना दिवा मीच लावते आहे. पहिल्या दिवशी काडी ओढली, लावला, उठले. काल थोडा वेळ बसून राहिले. याचा अर्थ काढू नकोस.

बाबा, एक विचारायचं राहिलंय. आजीच्या दहाव्याला कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, आत्या म्हणाली आता दर्भाचा करा. तुम्ही, कधी देवापुढे हात न जोडणारे, चप्पल काढून पिंडाजवळ गेलात, वाकून काहीतरी पुटपुटलात, आणि मागे फिरता फिरता कावळा आला. योगायोग असेल, तुम्हीही तसंच म्हणालात. पण तुम्ही काय म्हणाला होतात, ते आजवर कोणाला सांगितलं नाहीत. मला सांगाल? मला लागणार आहे.

तुमची,
ताई

ता. क. नारळीकरांच्या अंकावर मी 86 लिहून टाकलं आहे. पेन्सिल तुमचीच.