सशांना लाकूड देताय? आधी हे वाचा

मंडळी, पावसाळ्याआधीची झाडांची छाटणी सुरू झालीय, कोथरूड-कर्वेनगर साइडला फुटपाथवर फांद्यांचे ढीग पडलेत आणि आपल्यातले काहीजण त्या सरळ उचलून सशांपुढे टाकतायत, तर प्लीज थांबा जरा. आधी झाड ओळखा!

कण्हेर अजिबात नको, पांढरी, गुलाबी कुठलीही, आणि ती पिवळ्या फुलांची बिट्टी पण नाही, दोन्ही थेट हार्टवर जातात आणि सशाला उलटी करताच येत नाही, पोटात गेलं की गेलं. टेकडीवरची सुबाभूळ शेळ्या खातात म्हणून आपण देतो, पण तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, सशांचे केस गळतात. प्लम, पीच, चेरीच्या ताज्या फांद्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, त्याही नकोत.

तुती बिनधास्त द्या, पाल्यासकट. माझी सशीण ठमी बोटाएवढी काडी उभी धरून आधी साल सोलते, हिरवट पट्टे खाते आणि आतला पांढरा दांडा फेकून देते, नवाबी नुसती! सफरचंदाच्या झाडाचं, विलोचं लाकूड पण चालतं, फक्त फवारणी केलेलं नसावं, धुवून वाळवून द्या.

प्लायवूड, एमडीएफ, सनमायका, रंग दिलेलं काही नाही, त्यातला गोंद पोटात जातो. आमच्या सोफ्याचा पाय गेलाय, अनुभवाने सांगतेय.

आणि हो, सशांचे दात आयुष्यभर वाढतात, पण ते मुख्यतः गवत चावूनच झिजतात, लाकूड म्हणजे टाइमपास. गवत कमी करू नका.

फांदी ओळखता येत नसेल तर पानाचा फोटो ग्रुपवर टाका, तोवर देऊ नका.