ओढण्याआधी वेग मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फुटबॉल, हॉकी, रग्बी अशा सांघिक खेळांच्या सरावात ‘ओव्हरस्पीड’ हा शब्द आता सर्रास ऐकू येतो. कमरेला रबरी दोर बांधून खेळाडूला पुढे ओढायचे किंवा उतारावरून पळवायचे, म्हणजे तो एकट्याने गाठू शकतो त्याहून जास्त वेगाने धावतो आणि त्या वेगाची पायांना सवय लागते, अशी ही कल्पना. पद्धत जुनी आहे, धावपटूंचे प्रशिक्षक ती कित्येक वर्षे वापरत आले आहेत, आणि तिला आमचा विरोध नाही. पण बहुतेक ठिकाणी ती वेग न मोजता, अख्ख्या संघाला एकाच दोराने ओढून केली जाते. त्यात फायद्यापेक्षा मांडीमागचे स्नायू फाटण्याची शक्यता जास्त, म्हणून हे पत्र.

आधी आकडे पाहू. एखादा खेळाडू २५ ते ३० मीटर धावून पूर्ण वेग घेतो आणि पुढचे १० मीटर १.२५ सेकंदांत पार करतो असे धरा. म्हणजे सेकंदाला ८ मीटर, ताशी २८.८ किलोमीटर. वेग ५ टक्क्यांनी वाढला की तेच १० मीटर १.१९ सेकंदांत होतात, १० टक्क्यांनी वाढला की १.१४ सेकंदांत. सर्वसाधारण शिफारस अशी की कमाल वेगाच्या १०६ ते ११० टक्क्यांपुढे जाऊच नये, त्यापुढे धावण्याची ढब मोडते. सांघिक खेळाडूसाठी आम्ही १०३ ते १०६ एवढ्यावरच थांबू. आता हातातल्या स्टॉपवॉचचा विचार करा. सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.१ ते ०.२ सेकंदांचा फरक सहज पडतो. आपल्याला पकडायचा आहे ०.०६ सेकंदांचा फरक. तेव्हा स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला खेळाडू १०५ टक्क्यांवर आहे की ११५ टक्क्यांवर, हे कळूच शकत नाही.

टायमिंग गेट (खेळाडू समोरून जाताच आपोआप वेळ नोंदवणारे उपकरण) नसले तरी मोबाइलवर काम भागते. सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो-मोशन चित्रण घ्या. मोबाइल धावण्याच्या रेषेपासून १५-२० मीटर लांब, १० मीटरच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यासमोर, तिवईवर ठेवा. पट्ट्याची दोन टोके दाखवणाऱ्या काठ्या रोवताना एक चूक हमखास होते: काठी अलीकडे आणि खेळाडू पलीकडे असला की कॅमेऱ्याला रेषा सरकलेली दिसते. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने एक माणूस धावण्याच्या रेषेत उभा करा, आणि पडद्यावर काठी त्याच्या कमरेवर येईल तिथेच ती रोवा. मग कंबर पहिल्या काठीपाशी आल्यापासून दुसऱ्या काठीपर्यंतच्या फ्रेम मोजा. १.२५ सेकंद म्हणजे ३०० फ्रेम, ५ टक्के जास्त वेग म्हणजे २८६, आणि १० टक्के म्हणजे २७३. एवढा फरक कोणालाही मोजता येतो.

मर्यादा पाळायची ती का, हे पाऊल जमिनीवर कसे पडते ते पाहिले की समजते. पूर्ण वेगात पाऊल जमिनीला जेमतेम ०.१० ते ०.१३ सेकंद टेकते. चांगले धावपटू यातून वेगवान होतात की एवढ्याशा वेळात ते जमिनीवर जास्त जोर देतात. हवेतला पाय पुढे आणण्याचा वेळ वेगवान आणि संथ धावणाऱ्यांत फारसा वेगळा नसतो. दोर शरीराला पुढे नेतो, पण हा जमिनीवरचा जोर काही तो देत नाही. ओढ जास्त झाली की शरीर हवेत लांबवर जाते, ढांग लांबते आणि पाऊल कमरेच्या खूप पुढे पडते. तसे पडलेले प्रत्येक पाऊल ब्रेक असते. घड्याळात वेळ कमी दिसते खरी, पण खेळाडू शिकतो ते स्वतःला अडवणे.

इजा होते तीही इथेच. पाय जमिनीवर येण्याआधीच्या क्षणी पोटरी पुढे झेपावते आणि मांडीमागचे हॅमस्ट्रिंग लांब होत असतानाच तिला जोराने आवरत असतात. धावताना हॅमस्ट्रिंग फाटतो तो बहुधा याच क्षणी, आणि त्यातही बाहेरच्या बाजूचा लांब स्नायू सर्वाधिक वेळा. ढांग ओढून लांबवली की नेमका हाच ताण वाढतो. म्हणून प्रत्येक धावेचे चित्रण खेळाडूच्या बिनओढीच्या धावेशेजारी ठेवून पाहावे. टाच आधी टेकते आहे का, धड मागे झुकले आहे का, हात बाहेर फाकले आहेत का, पाऊल आपटल्याचा आवाज येतो आहे का? जमिनीवर टेकण्याच्या फ्रेमही मोजाव्यात. बिनओढीच्या धावेत २९ असतील तर ओढीत २७-२८ व्हायला हव्यात. तेवढ्याच राहिल्या किंवा वाढल्या तर ओढ कमी करायची, आणि तरीही सुधारणा नसेल तर त्या दिवशीचा हा सराव तिथेच थांबवायचा.

रबरी दोराची एक अडचण फारशी बोलली जात नाही. ताणलेला दोर सुरुवातीला सर्वाधिक ओढतो आणि आखडत जाईल तसा ढिला पडतो. म्हणजे मदत मिळते पहिल्या काही पावलांना, जिथे खेळाडूने स्वतःच जमीन ढकलायला शिकायला हवे, आणि पूर्ण वेगाच्या टप्प्यावर दोर लोंबकळत असतो. पायांत अडकतोही तेव्हाच. कॉलेजच्या महिला फुटबॉलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात शरीरवजनाच्या ३० टक्क्यांपर्यंतच्या ओढीने वेळ कमी होत गेली, पण फायदा दिसला तो पहिल्या १५ यार्डांपुरताच. पूर्ण वेगात इतकी ओढ फार होते. तिथे शरीरवजनाच्या ४ टक्क्यांच्या आत राहावे, म्हणजे ७० किलोच्या खेळाडूला साधारण २.८ किलो. दोर किती ताणल्यावर किती ओढतो, हे सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने दर मीटरला मोजून दोरावर खुणा करून ठेवता येते. ओढ पूर्ण वेगापर्यंत टिकावी म्हणून पुढे धावणारा साथीदार तितकाच वेगवान हवा, किंवा एकसारखी ओढ देणारे मोटरचे यंत्र हवे. पट्टा कमरेला, दोर पुढून बेंबीच्या उंचीवर, आणि बक्कल एका हाताने झटकन सुटणारे.

उतार त्या मानाने सोपा आणि अनेकदा जास्त चांगला. ३६.६ मीटरच्या धावेच्या एका चाचणीत सुमारे ५.८ अंशांचा उतार सर्वांत वेगवान ठरला होता, पण नवख्या सांघिक खेळाडूंनी २ ते ३ अंशांवरच सुरुवात करावी. मोजायला एक मीटरची फळी आणि पाणसळ पुरते. फळीचे वरचे टोक जमिनीला टेकवून ती समतल धरली की खालच्या टोकाखाली ५ सेंटीमीटर अंतर म्हणजे जवळजवळ ३ अंश. अंतर १० सेंटीमीटर असेल तर तो उतार पावणेसहा अंशांचा आहे, तो सोडून द्यावा. उतारावर २० मीटर, मग सपाटीवर तोच वेग राखत १५ मीटर, आणि पुढे वेग ओसरायला ३०-४० मीटर मोकळी जागा. गवत ओले असेल तर हा सराव नको. पाठीवरचा वारा हीसुद्धा मदतच आहे, आणि ती फुकट मिळते.

मात्रा लहानच हवी. वॉर्म-अपनंतर, सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना ४ ते ६ धावा. त्यांतले पूर्ण वेगाचे अंतर एकूण १२० मीटरच्या आत. दोन धावांमध्ये ४-५ मिनिटे पूर्ण विश्रांती. घाईच्या वेळापत्रकात पहिली कात्री हिलाच लागते आणि मग उरते नुसते दमणे. दोन ओढीच्या धावांनंतर एक बिनओढीची धाव घ्यावी. आठवड्यातून एकदा, सामन्याच्या किमान तीन दिवस आधी, आणि सलग चार ते सहा आठवड्यांपुढे नाही.

हा सराव सगळ्यांसाठी मुळीच नाही. जो खेळाडू आठवड्यातून एकदाही स्वतःच्या ९५ टक्के वेगापर्यंत पोचत नाही, त्याला १०५ टक्क्यांवर नेणे धोक्याचे. त्याने आधी दोन-तीन महिने दोराशिवाय पूर्ण वेगाने धावावे आणि नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम (गुडघ्यांवर उभे राहून, साथीदाराने घोटे धरलेले असताना धड सावकाश पुढे झुकवणे) नियमित करावा. या व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या इजा जवळपास निम्म्याने कमी होतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीतून परतणाऱ्यांना आणि वाढीच्या वयातल्या मुलांना यातून वगळावे. सामन्यातल्या बहुतेक धावा १० ते २० मीटरच्या असतात, त्यामुळे पहिल्या पावलांत मागे पडणाऱ्याला मागे वजनाची स्लेज (जमिनीवरून ओढायची घसरगाडी) लावून धावण्याचा जास्त उपयोग होतो.

दोर दरवेळी वापरण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावा. बारीक चीर, पांढरट पडलेला भाग किंवा झिजलेली कडी दिसली तर तो फेकून द्यावा, गाठ मारून वापरू नये. ताणलेला दोर तुटला की थेट धावणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेपुढे तो ताणू नये, आणि मर्यादा लिहिलेली नसेल तर मूळ लांबीच्या दुपटीवर थांबावे.

आपला,
एक वाचक